कंदील

सौदे संपले की मार्केट यार्डात
चौदा नंबरच्या गाळ्यात
मी काट्याला टेकून बसतो.
नखांत हळद, कानांत हळद,
फोनच्या काचेवर हळदीचा अंगठा.
त्याच अंगठ्यानं उघडतो
रोजचं एक चित्र.

काल एका बाईंचं होतं.
त्यांच्या देशाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही.
सगळं करडं,
खाली डाव्या कोपऱ्यात एक लाल रेघ,
दार लावताना
कुणाची ओढणी अडकावी तशी.
मी खाली तेवढंच लिहिलं
आणि दिलं सोडून लोकांत.

लोकांत म्हणजे एकशे बारा जणांत.
त्यातले तीस आमचे पाहुणे,
साखरपुड्याच्या फोटोला देतात तसा
यालाही अंगठा देतात.
जतच्या एक शाळेतल्या बाई
रोज विचारतात, उद्या काय?
बाकीचे गप्प.
गप्प माणसं मला चालतात.
पूर्वी सौदेसुद्धा रुमालाखाली व्हायचे म्हणे,
बोटंच बोलायची.

'ह्ये तर माझं पोरगंबी काढंल,'
रसूलचाचा पोतं उतरवता उतरवता म्हणाला.
काढू दे की, म्हटलं.
दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच आणलं:
वहीचं पान, निळ्या पेनानं गच्च गिरवलेलं,
मधे हाताएवढी जागा कोरी.
'तितं ती बसलीया म्हणं.'
मी तेही लावलं.
खाली नाव: आलिया रसूल नदाफ, तिसरी ब.
त्या दिवशी पहिल्यांदा
पाहुण्यांनी प्रश्न विचारले.

पिवळं चित्र मात्र मी सहसा लावत नाही.
आमच्याकडे पिवळ्याचा भाव
सकाळीच ठरलेला असतो.

रविवारी हरिपूरला गेलो, बाळगोंडा आजोबांकडे.
उभा जन्म त्यांनी हळदीची पेवं उघडली, बंद केली.
आता बरीचशी बुजलीत.
पुराचं पाणी शिरलं त्या साली
कुजक्या हळदीचा वास
अंथरुणातसुद्धा यायचा, म्हणतात.
त्यांना फोनवर दाखवलं:
पांढऱ्यावर एक काळं वर्तुळ. बास.
तेही पुरतं गोल नाही.
मला वाटलं, हसतील.
त्यांनी चष्मा धोतराला पुसला,
फोन आडवा धरला, जमिनीसारखा,
आणि कंबरेत वाकून
आत बघितलं.

'कंदील सोडलास का आधी?'

मला कळलं नाही.

'पेवात एकदम उतरायचं नसतंय, श्रेणिक.
तोंडावरची फरशी काढायची,
वारं खेळू द्यायचं दिवसभर.
मग दोरीनं कंदील सोडायचा.
इझला, तर फरशी परत लावायची.
जळत राह्यला
तर उतर. सावकाश.'

मग बराच वेळ त्यांनी फोन परत दिला नाही.
पडदा आपोआप काळा झाला
तरी बघत होते.

मी तेच लिहिलं त्या वर्तुळाखाली,
शब्द त्यांचे, नाव त्यांचं.
कुणी कुणाला पाठवलं कोण जाणे,
सकाळी एकशे बाराचे एकशे एकोणीस.
सात माणसं.
शेठ म्हणाले, सात म्हणजे काय रे,
आमच्या चहाला ह्याच्यापेक्षा जास्त असतात.
खरंय.
पण मी वजनं करणारा माणूस,
सात डोकी एका पेवाच्या तोंडाशी वाकलेली
मला दिसतात.

आणि मिळतं काय तुला ह्यातून?
हे मात्र मला शेठना सांगता आलं नाही.
क्विंटलचा भाव विचारा, सांगतो,
राजापुरी, सेलम, कणी, गठ्ठा,
झोपेतून उठवून विचारा.

आज अजून काही सापडलं नाही.
शटर अर्धं ओढलंय,
वॉचमन दोनदा खाकरून गेला.
शंभरेक चित्रं सरकवली,
एकापाशीही थांबलो नाही.
जतच्या बाईंचा प्रश्न आलाय.
बॅटरी सहा टक्के.
अजून दोन-चार बघतो.